एवढंसं टेंगूळ

९ फेब्रुवारी

ताई,

तुझा चष्मा सापडला. सोफ्याच्या पोटात होता. सोफा नव्याने शिवून घ्यायचा म्हणून कारागीर न्यायला आले होते. उचलण्याआधी त्यांनी फटीत कोपरापर्यंत हात घातला आणि एकेक वस्तू बाहेर काढली. दोन पेनं, एक मोजा (माझा नाही), फोनची जुनी वायर आणि तुझा वाचायचा चष्मा. काचा शाबूत आहेत. एक दांडी वाकली होती, ती त्यांनीच उभ्या उभ्या सरळ करून दिली.

पाकिटात नुसता चष्मा घालणं बरं दिसेना म्हणून या चार ओळी. तू इथून गेल्यापासून आपण बोललेलो नाही, तेव्हा आता पत्रात बोलायलाच हवं असं काही नाही. फक्त खुशाली कळवते.

मी ठणठणीत आहे. तलावावर कधीच परत जायला लागले. सकाळी मुलांचा वर्ग असतो, आणि दुपारी एक नवाच वर्ग सुरू केलाय, साठीच्या पुढच्या बायकांचा. त्यातल्या एकीलाही पोहता येत नाही, पण गप्पा मात्र पाण्यातही थांबत नाहीत. एक निवृत्त पोस्टमास्तरीणबाई आहेत. त्या येतात, पाण्यात उतरतात, काठाची दांडी धरतात आणि तास संपेपर्यंत सोडत नाहीत. "आज नुसती ओळख करून घेते," म्हणतात. रोज.

डोकं दुखत नाही. उजेड खुपत नाही. शब्द हवा तेव्हा सापडतो, कधीकधी नको तेव्हाही सापडतो. तेव्हा काळजीचं कारण नाही. तू करत असशील असं मी धरून चाललेले नाही, पण करत असशील तर करू नकोस.

तुझी
धाकटी

ता. क. तेव्हा डॉक्टरबाई माझ्यापेक्षा तुझ्याशीच जास्त बोलायच्या. स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार डोक्याला जरासं लागलं, तर तो मार धरायचा की नाही, असं काही म्हणाल्या होत्या का? सहज विचारते.


२१ फेब्रुवारी

ताई,

इतक्या महिन्यांनी तुझं पत्र आलं आणि त्यात दोनच शब्द. "किती जोरात?" खाली सहीसुद्धा नाही. मी इतकी हसले की शेजारीण दार वाजवून बघून गेली.

जोरात नाही. खालच्या खणातलं पातेलं काढायला वाकले होते, वरचं दार उघडं राहिलं होतं, उठताना टाळूला लागलं. कुणी बाहेरून "येऊ का?" म्हणून दारावर टकटक करावी तेवढंच. अंधारी नाही, चक्कर नाही. एवढंसं टेंगूळ, तेही हाताने शोधावं लागलं.

मग मी काय केलं ते तुला सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. टॉर्च घेऊन आरशासमोर उभी राहिले आणि स्वतःच्या बाहुल्या बघितल्या. डावी, उजवी, परत डावी. मग वर्षाचे महिने उलटे म्हटले. जूनपाशी अडखळले. घाम फुटला. मग आठवलं, जूनपाशी मी शाळेतसुद्धा अडखळायचे. तोवर डोकं दुखायला लागलं होतं. ते मारामुळे दुखतंय की दुखेल दुखेल म्हणून दुखतंय, याचा विचार करकरून आणखी दुखलं.

आणि हे एकदाच झालेलं नाही. टॅक्सीत बसताना टपाला नुसते केस घासले तरी माझा दिवस गेला. उशीवर जरा धपकन पडले तरी गेला. वर्गातल्या एका मुलीने फेकलेला चेंडू कानशिलाला लागला, स्पंजचा चेंडू, ताई, तर मी वर्ग लाइफगार्डच्या गळ्यात मारून कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बसले आणि कुणाला काय लागून काय झालं ते फोनवर वाचत राहिले. फोनवर सगळ्यांना सगळंच झालेलं असतं.

तलावाच्या ओल्या पायऱ्यांवरून घसरून मी पडले, तो मार खरा होता हे मला कळतं. डोकं मागून फरशीवर आपटलं त्याचा आवाज लाइफगार्ड अजून तोंडाने काढून दाखवतो. मेंदूला बसलेला हादरा, कंकशन, काय असतं ते मी चांगलं चार महिने भोगलंय. अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं, कुणी चमचा ठेवला तरी डोक्यात घंटा. तू सगळं सोडून आलीस, मला न्हाऊमाखू घातलंस. आणि मग टेबलाच्या चारी कोपऱ्यांना कापूस बांधलास. मी म्हणाले, मला काचेची बाहुली करू नकोस. तू गेल्यावर तो कापूस मी त्याच दिवशी उपटून फेकला. आता बघते तर सगळा माझ्या डोक्यातच भरलाय.

असो. परवा मी परत आरशासमोर जूनपाशी अडकलेली असताना सोफा शिवून आला. टॉर्च हातात धरूनच दार उघडलं. हे सोफेवाले, तुझा चष्मा काढून देणारे तेच, इतके उंच आहेत की माझ्या दाराच्या चौकटीला कपाळ लागायलाच हवं, आणि लागलंच. चांगलं खणकन. ते तसेच आत आले, सोफा ठेवला आणि पाय डुगडुगतोय का ते बघायला लागले.

"तुम्हाला लागलं ना?" मी विचारलं.

"काय?"

"आत्ता. चौकट. डोक्याला."

त्यांनी वळून चौकटीकडे असं बघितलं की जणू मी त्यांची तिच्याशी ओळखच करून देत होते. "असेल," म्हणाले. "लागतं अधूनमधून."

मी त्यांना त्यांनीच शिवलेल्या सोफ्यावर बसवलं आणि डोळ्यांत टॉर्च मारला. बिचारे बसले. मग महिने उलटे म्हणायला लावले. तेही जूनपाशी अडखळले. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू.

एक गोष्ट मात्र लिहूनच टाकते. मला न विचारता तू तलावाच्या मॅनेजरकडे गेलीस आणि सांगितलंस, ही आता पाण्यात उतरणार नाही, दुसरं कुणी बघा. ते मी विसरलेले नाही. चष्मा पोचला का ते कळव.

धाकटी


१५ मार्च

ताई,

या खेपेला चार शब्द आले, म्हणजे प्रगती आहे. पण ते चार शब्द बरोबर वर्मी लागले. "तू पाण्यात उतरतेस का?"

नाही.

काठावरून शिकवते. गळ्यात शिट्टी, हातात लांब काठी. मुलं पाण्यात हातपाय झाडतात, कुणाची टाच कुठे बसेल सांगता येत नाही. मी फक्त सांगते. "पाय सरळ. श्वास सोड. शाबास." पूर्ण वर्षात माझे केस भिजले ते घरच्या न्हाणीघरात. पोस्टमास्तरीणबाईंनी मला केव्हाच पकडलंय. "बाई, तुम्ही उतरा, मग मी दांडी सोडते," म्हणाल्या. मी म्हटलं, मला सर्दी झालीये. "जानेवारीपासून?" त्या म्हणाल्या, आणि सगळा वर्ग पाण्यात खुदुखुदु हसला.

म्हणजे तू मॅनेजरला जे सांगितलंस तेच मी करून दाखवतेय. भांडण मात्र तुझ्याशी केलं. हे लिहिताना मला मुळीच मजा येत नाहीये.

आता दुसऱ्या विषयावर येते, त्यात मजा आहे.

सोफ्याचा पाय खरंच डुगडुगत होता. त्यासाठी सोफेवाले दोनदा येऊन गेले. मग मला आठवलं की जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्यांची कव्हरंही विटलीयेत. त्या मी एकेक करून त्यांच्या दुकानात नेल्या. सगळ्या एकदम का नाही नेल्या, असं ते विचारत नाहीत आणि मी सांगत नाही. शेवटी बाल्कनीतली खुर्ची नेली. ती लोखंडाची आहे. त्यांनी ती उलटीसुलटी करून बघितली. म्हणाले, "हिला शिवू कुठे?" मग म्हणाले, "बसा, चहा टाकतो."

बायको जाऊन बरीच वर्षं झाली, एकटेच राहतात. खाली दुकान आहे. स्पंजचे ठोकळे, स्प्रिंगा, काथ्या, गोंदाचा वास. काम करताना ओठांत चुका, म्हणजे बारीक खिळे, धरतात आणि त्यांच्या कडेकडेने बोलतात, त्यामुळे ते नेमके चांगलं काही बोलले की मला ऐकू येत नाही. राहायची जागा वर माळ्यावर. छप्पर उतरतं, आणि आडवी तुळई अशी की माझ्यासारखीनेही वाकूनच जायचं. ते घरात सवयीने वाकून चालतात आणि तरी आपटतात. मी शिडीच्या शेवटच्या पायरीपर्यंत गेले आणि तुळई बघून तिथेच बसले. चहा पायरीवर बसून प्यायले. तेही पायरीवर येऊन बसले.

पुढच्या आठवड्यात गेले तर सगळ्या तुळयांना गादी शिवलेली. आत फोम, वर उरलेल्या कापडाचे तुकडे. एक पट्ट्यापट्ट्यांची, एक फुलाफुलांची, एक जांभळ्या मखमलीची. छपराचाच सोफा केला होता.

"कापड उरलं होतं," म्हणाले.

मी आत गेले. खाली बसून वर बघत राहिले आणि हसू आवरेना.

तू बांधलेल्या कापसाने माझं पित्त खवळलं आणि या फोमने नाही, हे वाचून तुला राग येईल. आला तर तो लिहून पाठव. दोन शब्दांपेक्षा जास्त.

धाकटी


३ एप्रिल

ताई,

तू म्हणालीस म्हणून नाही, पण डॉक्टरबाईंकडे जाऊन आले. बरं, तू म्हणालीस म्हणूनच.

त्यांनी डोळे बघितले, मान बघितली, एका पायावर उभं केलं, सरळ रेघेत चालवलं. मी घरून लिहून नेलेले सगळे मार त्यांना वाचून दाखवले. कपाटाचं दार, टॅक्सी, उशी, स्पंजचा चेंडू. उशीपाशी त्यांनी चष्मा काढून पुसला. मग विचारलं, यातल्या कशानंतर उलटी झाली होती का? डोकं दुखणं वाढतच गेलं, गुंगी आली, बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले?

"फक्त जूनपाशी," मी म्हटलं.

"मग ही टेंगळं आहेत. टेंगूळ कवटीच्या बाहेरचं प्रकरण असतं. तुमचा तेव्हाचा मार पूर्ण बरा झालाय. आता डोक्याला काही लागलं की दर वेळी कंकशनच होतं असं नाही. डोकं दुखतं ते तुमच्या मानेमुळे. डोक्यावर दुधाचं भरलेलं पातेलं असल्यासारखी धरलीये ती. सैल सोडा."

खरोखर जोरात लागलं, किंवा त्यांनी विचारलं त्यातलं काही झालं, तर लगेच यायचं. शंका असेल तर एखादा दिवस सोबतीला कुणाला तरी ठेवायचं, तो लक्ष ठेवील. बाकी नेहमीसारखं राहायचं.

"पाण्यात उतरू का?"

"तुम्ही काम काय करता?"

"पोहायला शिकवते."

"मग आणखी कशात उतरणार?" त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मी हसत घरी आले, तर दारात तुझं जाड पाकीट. ते उभ्यानेच वाचलं. मग बसून परत वाचलं.

ताई, मला हे माहीतच नव्हतं. पडल्यानंतरचा तो पूर्ण दिवस माझ्यापाशी नाही. मला वाटायचं की मी झोपले होते. मी दर थोड्या वेळाने डोळे उघडून तुला विचारत होते, "आई आली का?" आणि पहिल्यांदा तू मला खरं सांगितलंस की आई जाऊन किती वर्षं झाली, आणि मी ती आत्ताच गेल्यासारखी रडले. मग विसरले. मग परत विचारलं. मग तू सांगायला लागलीस, "येतेय. रस्त्यात आहे." दिवसभर. मी दर वेळी "बरं" म्हणून डोळे मिटायचे.

तो दिवस तू एकटीने काढलास आणि मला कधी बोलली नाहीस. मी कापसावरून भांडत होते, आणि तू मॅनेजरकडे गेलीस तेव्हा तुझ्या कानात ते चालू असणार. तू लिहितेस, "मला परत तेच उत्तर द्यावं लागू नये, एवढंच मला हवं होतं." मॅनेजरचं प्रकरण मी इथे संपवते. विचारायला हवं होतंस, हे तू लिहिलंस, मला पोचलं. आता तो विषय कुणी काढायचा नाही, मीसुद्धा.

तुझी
धाकटी


२२ एप्रिल

ताई,

डोक्याला लागलं. आधीच सांगते, मी छान आहे. सगळं वाच, मधलं सोडून शेवटाकडे जाऊ नकोस, तुझी खोड मला माहीत आहे.

रविवारी दुपारी मी दुकानात होते. एका मोठ्या आरामखुर्चीवर कापड ताणायचं होतं, त्याला चार हात लागतात. त्यांची वाकडी सुई खाली पडली. ते वाकले, मी वाकले, आणि कपाळावर कपाळ. चांगलंच. मी जमिनीवर बसले. तेही बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना लागलेलं जाणवलं, कारण कपाळ चोळत म्हणाले, "अगं आई गं."

मी वाट बघत बसले, आता भीती येईल म्हणून. आली. पण मी डॉक्टरबाईंनी सांगितलं तसं म्हटलं, "मला आज सोबत लागेल. कुणीतरी लक्ष ठेवायला हवं."

त्यांनी उठून दुकानाचं दार लावलं, "बंद" ची पाटी फिरवली, मला त्या अर्ध्या शिवलेल्या खुर्चीत बसवलं आणि समोर स्टुलावर बसून उशी शिवायला घेतली. "काय काय विचारायचं असतं?" म्हणाले. मी सांगितलं.

"आज वार कोणता?"

"रविवार."

"आपण कुठे आहोत?"

"तुमच्या दुकानात. चुकांवर."

"मी कोण?"

"सोफेवाले."

ते शिवत राहिले. थोड्या वेळाने परत वार, परत जागा, परत "मी कोण?" मी परत "सोफेवाले." मध्ये चहा झाला. त्यांनी लहानपणी पहिली उशी शिवली ती कुत्र्याने कशी फाडली, ते सांगितलं. मी पोस्टमास्तरीणबाईंचं सांगितलं. ऊन खिडकीतून सरकत कापडाच्या गठ्ठ्यांवर आलं. डोकं दुखत नव्हतं. मी मुद्दाम शोधून बघितलं, तरी सापडलं नाही.

"वार?"

"अजून रविवारच."

"मी कोण?"

ताई, मला त्या क्षणी तू आठवलीस, दिवसभर तेच उत्तर देणारी. पण मला मघाचं सगळं आठवत होतं. त्यांनी कितीदा विचारलं, मी काय म्हणाले, चहात साखर कमी होती, सगळं. आणि माझ्या लक्षात आलं की मी दर वेळी उत्तर अर्धंच देतेय.

"माझे," मी म्हटलं.

त्यांनी सुई उशीत नीट खोचून ठेवली. मग म्हणाले, "डोक्याला मार लागलेल्या माणसाचं बोलणं धरायचं का?"

"महिने उलटे म्हणते," मी म्हटलं आणि सुरू केलं. जूनपाशी अडखळले.

"मग शुद्धीवर आहात," ते म्हणाले.

आणि त्यांचं तोंड असं झालं की मी तुला लिहून सांगू शकत नाही. त्यांच्या कपाळावर एक टेंगूळ, माझ्या कपाळावर एक. ते म्हणाले, "पण एक पंचाईत आहे. टक्कर एकदाच झाली. दुसऱ्यांदा नाही लावली तर शिंगं येतात."

मी उठले, त्यांच्यासमोर गेले आणि माझं डोकं त्यांच्या डोक्यावर हलकेच आपटलं. मी, ताई. स्वतःहून.

पुढचं तुला लिहिणार नाही. एकमेकांना 'अहो' म्हणणं सुटलं, एवढं सांगते. चोवीस तास होऊन गेलेत, मी मजेत आहे, आणि अठ्ठावीस मेला नोंदणी कार्यालयात सह्या करतोय. साक्षीदार म्हणून सही करायला तू हवीस. येशील का?

धाकटी


९ मे

ताई,

"येते" एवढा एकच शब्द पाठवलास. तुझं आतापर्यंतचं सगळ्यात मोठं पत्र.

घाईत लिहितेय, केस ओले आहेत. आज उतरले. काठी ठेवली, शिट्टी लाइफगार्डच्या हातात दिली आणि शिडीने खाली गेले. पाणी कानात शिरलं तेव्हा इतकं ओळखीचं वाटलं की मी तळाशी जाऊन उगाच थोडा वेळ बसले. वर आले तर दुपारच्या वर्गातल्या सगळ्या बायका टाळ्या वाजवतायत आणि पोस्टमास्तरीणबाई दांडी सोडून दोन्ही हातांनी वाजवतायत. आपण काय केलं ते लक्षात आल्यावर त्या किंचाळल्या आणि माझ्या गळ्यात पडल्या. त्यांचं कोपर माझ्या भुवईवर बसलं. ते मला घरी येऊन आरसा बघितल्यावर कळलं.

बॅगेत पोहायचा पोशाख टाक. नाही म्हणू नकोस.

धाकटी


११ जून

ताई,

तू सुखरूप पोचलीस हे कळलं. माळा ओका ओका वाटतोय. तुझे मेहुणे सकाळपासून दोनदा म्हणाले, "ताईंनी मखमलीच्या तुळईला चांगलं म्हटलं." तू म्हणाली नव्हतीस. तू म्हणालीस, "धूळ धरेल." पण त्यांना ते कौतुक वाटलं, तर असू दे.

सहीच्या दिवशीचं मी काही लिहीत नाही, तू तिथेच होतीस. पण तलावावरचं लिहायला हवं, कारण तू पूर्ण वेळ डोळे घट्ट मिटून घेतले होतेस, तेव्हा तुला काहीच माहीत नाही.

तू पाण्यात उतरलीस तेव्हा दुपार टळली होती आणि तलावात आपण दोघीच होतो. मी म्हटलं, मागे रेल, डोकं माझ्या हातावर दे. तू म्हणालीस, "तुझ्या हातावर?" जसं काही मी कालपर्यंत पाळण्यात होते. मग रेललीस. तुझी मान लाकडासारखी ताठ होती. मी तुला डॉक्टरबाईंचं दुधाचं पातेलं सांगितलं, तशी तू हसलीस, आणि हसताना ती सैल सुटली. तुझ्या डोक्याचं वजन माझ्या तळव्यावर आलं. तुझे पाय आपोआप वर आले, केस सगळीकडे पसरले. तुझ्या कपाळावरची ती आठी, जी मी लहानपणापासून बघत आलेय, ती गेली. तू आईसारखी दिसत होतीस. चेहऱ्यामोहऱ्याने नाही, झोपलेल्या आईसारखी.

मी हळूच हात काढून घेतला. तू तरंगत होतीस, ताई, एकटी, चांगली दोन-तीन मिनिटं. आणि डोळे मिटूनच मला म्हणालीस, "सोडू नकोस हं."

मी म्हटलं, "नाही सोडत."

धाकटी